कमी तेलातला खान्देशी चिकन रस्सा

कातडी काढलेल्या अर्धा किलो चिकनला हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. दोन कांदे थेट गॅसवर, साल काळी पडेपर्यंत भाजा. सुकं खोबरं दोनच चमचे, तेही कोरडं भाजायचं. ते जळलं की रस्सा कडू, मग इलाज नाही. कांदे सोलून खोबऱ्यासोबत बारीक वाटा.

दोन चमचे शेंगदाणा तेलात वाटण आणि दीड चमचा काळा मसाला मंद आचेवर परता. तेल कमी असल्याने मसाला पटकन खाली लागतो, म्हणून गरम पाणी शिंपडत राहा. चिकन पाच मिनिटं परतून तीन कप उकळतं पाणी घाला, झाकून पंचवीस मिनिटं शिजवा. तर्रीची अपेक्षा सोडाच! सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) एक भाकरी, कांदा, लिंबू.