मीटरमधली लाइट लागते, गाडी गॅरेजला नेली की जाते? आधी बिघाडाचे कोड उडवू नका

२०२४च्या जन्माष्टमीच्या पुरात आमची गाडी बडोद्यात समाला दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत पाण्यात उभी होती. विश्वामित्रीचं पाणी उतरलं, गाडी सुकवली, चालू पण झाली, आम्ही खूश. दिवाळीनंतर मात्र एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लाइट लागायला लागली, रोज नाही हां, मधूनच, आणि गॅरेजच्या दारात पोचलं की गायब. एकाने सेन्सर बदलला, चार दिवस बरं, परत तेच. शेवटी निघालं काय तर मडगार्डच्या आतल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, एक पिन हिरवी पडलेली, बास. सेन्सरचे पैसे फुकट गेले.

तर पहिलं, रंग बघा. ऑइलच्या किटलीची किंवा टेम्परेचरची लाल लाइट क्षणभर जरी लागली तरी गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद, "घरापर्यंत नेऊ हळूहळू" नको. पिवळी असेल तर बहुतेक वेळा वेळ असतो, पण चेक इंजिनची पिवळी लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाहीये, तशीच दामटली तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो महाग असतो.

मग आठ दिवस मोबाइलमध्ये नोंद ठेवा, कधी लागली, गार होती की तापलेली, पाऊस होता का, वळणावर की खड्ड्यात, आणि जमलं तर शेजारी बसलेल्याला मीटरचा फोटो काढायला सांगा. कंटाळवाणं वाटेल, पण अर्धं निदान इथेच होतं. पावागडला माचीच्या रस्त्यावर वळणात ब्रेकची लाल लाइट चमकते आणि सरळ रस्त्यावर जाते? डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय, वळणात ते एका बाजूला जातं आणि पातळी सांगणारा फ्लोट खाली बसतो. नुसतं ऑइल भरून मोकळं होऊ नका, पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, ते आधी बघा, पॅड ठीक असतील तर गळती शोधा. सीट पुढेमागे केल्यावर एअरबॅगची लागते? सीटखालचा पिवळा कपलर. त्यात मल्टीमीटर घालायचा नाही, ते काम जाणत्या माणसाचं. एअरबॅगच्या लाइटबरोबर हॉर्नपण वाजत नसेल तर स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टीअरिंगपर्यंत करंट नेणारी गुंडाळलेली पट्टी. जानेवारीत सकाळी टायरची लाइट लागून दुपारी जाते, त्यात गूढ काही नाही, ५-६ डिग्री थंडी वाढली की साधारण १ पीएसआय हवा उतरते.

सकाळी सेल्फ मारल्यावर एबीएस, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग सगळी दिवाळी एकदम लागली तर तीन पार्ट एकदम बिघडत नाहीत, बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट छान, १२.२च्या खाली अशक्त, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास. टर्मिनल हाताने हलवून बघा, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर पण बघा, ती गंजलेली असेल तर नवी बॅटरीपण काही करणार नाही.

आता स्कॅनर. स्टीअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं, पोर्ट असतं, ब्लूटूथवाला स्वस्त ॲडाप्टर मोबाइलला जोडून इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचता येतात, पण एबीएस, एअरबॅगचे बऱ्याचदा दिसत नाहीत, त्याला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. कोड लिहून घ्या, उडवू नका! इंजिनच्या कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे बिघाडाच्या क्षणाचा स्पीड, आरपीएम, टेम्परेचर, तेही कोडबरोबरच पुसलं जातं. आणि कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच खराब असं नाही, त्याच्याकडून सिग्नल नीट येत नाहीये एवढाच अर्थ.

म्हणून इंजिन बंद करून, बॅटरीचा निगेटिव्ह काढून, एअरबॅगचे पिवळे सोडून, त्या सर्किटचे कपलर एकेक उघडा. हिरवट पिन, पाणी, उंदरांनी कुरतडलेली वायर (आमच्या पार्किंगला पावसाळ्यात हे ठरलेलं) दिसते का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग बसवा. दुरुस्त झाल्यावर चेक इंजिनची लाइट लगेच गेली नाही तरी घाबरू नका, बऱ्याच कोडना लागोपाठ तीन चांगल्या, म्हणजे बिघाड न दिसलेल्या, फेऱ्या लागतात.

आणि स्वतः जमणारच नसेल तर फोटो, नोंदी, कोडचा कागद घेऊन जा आणि सेन्सरचा बॉक्स फोडायच्या आधी म्हणा, "पेलां कपलर जोई लो ने भाई" (आधी कपलर बघून घ्या ना भाऊ).