जखमी खेकड्यांच्या पिल्लांवर काम करणार असाल तर

कवच दुखावलं की पिल्लू कात (म्हणजे जुनं कवच) लवकर टाकतं की उशिरा? प्रयोगशाळेत नव्याने येणारा प्रत्येकजण हे विचारतो. दोन्ही होतं. जखम केवढी यापेक्षा ती झाली तेव्हा पिल्लू कातीच्या चक्रात कुठे होतं, हे आधी पाहायला हवं.

जीवशास्त्रज्ञ डोरोथी स्किनर यांनी 1970 च्या दशकात जमिनीवरच्या गेकार्सिनस लॅटरॅलिस या खेकड्यावर केलेलं काम सुरुवातीलाच वाचा. दोन कातींच्या मधल्या काळात एकदम बरेच पाय गमावलेला खेकडा लवकर कात टाकतो. पण कातीची तयारी नुकती सुरू झालेली असताना गमावलेल्या पायांच्या जागी उगवते कोंब काढले, तर तीच तयारी अडून राहते.

पाय गळणं आणि कवचाला भोक पडणं यांची मात्र गल्लत नको. पाय ठरलेल्या जागीच तुटतो आणि तिथला पडदा रक्त अडवतो. भोकाला अशी सोय नाही. रक्त गोठतं, डाग काळा पडतो, खालच्या पेशी हळूहळू नवा थर बांधतात. हे वेळेत झालं तर डाग जुन्या कवचाबरोबर निघून जातो. नाहीतर जुनं-नवं कवच तिथेच चिकटू शकतं आणि पिल्लू अर्धवट बाहेर येऊन मरतं.

कातीच्या चक्रातला टप्पा ओळखायला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ड्राक यांची 1939 ची ए ते ई टप्प्यांची विभागणी अजून चालते. सूक्ष्मदर्शकाखाली पायासारख्या एखाद्या उपांगाची कड पाहा. त्वचा कवचापासून सुटू लागली की तयारी सुरू झाली. पिल्लांचं कवच पातळ, त्यामुळे हे छान दिसतं. (डोळे दुखतात, ते वेगळं.)

पिल्लं एकेकटी ठेवा, कात टाकून मऊ झालेल्या पिल्लाला शेजारची पिल्लं खाऊन टाकतात. टाकलेली कात लगेच उचलून मोजा, नाहीतर पिल्लू स्वतःच ती खाऊन टाकतं. खाण्याची नोंदही रोज हवी. जखमी पिल्लू कमी खात असेल तर उशीर जखमेमुळे झाला की उपासमारीमुळे, हे नंतर सांगता येत नाही.

आणि कातीत अडकून मेलेली पिल्लं तक्त्यातून वगळू नका. ती वगळली की सरासरीत फक्त जखम भरलेली पिल्लं उरतात आणि जखमेचा काहीच परिणाम नाही असं दिसू लागतं.