पहिल्याच आठवड्यात ९८ टक्के!

एम.टेक.च्या प्रोजेक्टला 'लिक्विड मेम्ब्रेन' हा विषय मिळाला, तेव्हा मी चक्क पडदा शोधत होतो. तसा पडदा नसतोच. केरोसीनमध्ये स्पॅन ८० हे सर्फॅक्टंट (तेल-पाण्याचं मिश्रण टिकवणारं रसायन) विरघळवायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी होमोजिनायझरने घुसळायचं. दाट ताकासारखं पांढरं इमल्शन होतं. पाण्यात उतरलेलं औषध काढून घ्यायला हे इमल्शन त्या पाण्यात हलकेच ढवळत ठेवायचं. सोड्याच्या थेंबांभोवतीचं तेल हीच मेम्ब्रेन. नॉर्मन ली या संशोधकाचं याचं पेटंट १९६८ चं आहे.

माझं औषध डायक्लोफिनॅक, हे वेदनाशामक. गिधाडांच्या मरणाला ते कारण ठरलं म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या गोळ्या चालूच आहेत आणि सांडपाण्यात उतरतात. पाणी आम्लधर्मी केलं की त्याचा रेणू प्रभाररहित राहतो, तेलात शिरतो. आत सोडा भेटला की त्याचं मीठ (सोडियम क्षार) बनतं आणि मिठाला तेलातून परत येता येत नाही.

मी पीएच २ ला आणला, लिटरला २० मिलिग्रॅम औषध घेतलं. दहा मिनिटांनी सिरिंज फिल्टरमधून नमुना काढून २७६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजला: ९८ टक्के गायब! उड्या मारतच सरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "कंट्रोल लावलास?"

लावला. तेच पाणी, तोच पीएच, इमल्शन नाही. तरीही औषध जवळजवळ गायब! इतक्या आम्लात डायक्लोफिनॅक लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम विरघळतं. बाकीचं साका होऊन माझ्या फिल्टरवर बसलं होतं.

म्हणून आधी कंट्रोल लावा, मगच इमल्शनला हात घाला. शेवटी इमल्शन फोडून आतल्या सोड्यात किती औषध आलं तेही मोजा. बाहेरून गेलेलं आणि आत सापडलेलं, हिशोब जुळायला हवा.

ढवळताना पीएच मीटर बीकरमध्येच ठेवा. बाहेरचा पीएच वर सरकू लागला की समजा, थेंब फुटून सोडा बाहेर येतोय. बफर (पीएच स्थिर धरणारं द्रावण) वापरलात तर हे कळणारच नाही. मी सल्फ्युरिक आम्लच वापरायचो. क्युव्हेट (प्रकाशात नमुना मोजायची छोटी पारदर्शक नळी) साबणाने दोनदा धुवा, तेलाचा पापुद्रा रीडिंग वाढवतो. (केरोसीनचा वास मात्र कपड्यांतून जात नाही, रूममेटला आधीच सांगून ठेवा.)

आणि एक, चांगलं जमलेलं इमल्शन फोडताना जीव जातो. गरम करून, सेंट्रिफ्यूज लावूनही माझं बरेचदा अर्धंच सुटायचं. वेळापत्रकात त्यासाठी वेगळे दिवस धरा.