पडीक गुंठ्यांत पहिले पीक: आधी काशा वेचा, मग बियाणे आणा

पाच-सात वर्षे नांगर न लागलेला दहा गुंठ्यांचा तुकडा यंदाच्या खरिपात लागवडीखाली आणायचा असेल, तर कामाला मृगाची वाट बघू नका. एप्रिल-मेचे कडक ऊन हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे अवजार आहे. ते वाया गेले, की पुढचे चार महिने खुरपणीची मजुरी भरत बसावे लागते.

सर्वांत जास्त फसगत पहिल्याच दिवशी होते. रान लवकर मोकळे दिसावे म्हणून सुरुवातीलाच रोटाव्हेटर लावला जातो. माती भुसभुशीत होते, बघायला बरे वाटते. पण हरळीच्या काशांचे, म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या तिच्या खोडांचे, बोटाएवढे तुकडे होऊन ते सगळ्या रानात पसरलेले असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. आधी चार-दोन ठिकाणी गोल पसरलेली हरळी पहिल्या पावसानंतर सगळीकडे सारखी उगवून येते. म्हणून काशा निघेपर्यंत रोटाव्हेटर बांधाबाहेरच ठेवा.

झाडोरा आणि कचरा

आत शिरण्याआधी पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात लांब काठी हवी. दाट गवत, दगडांचे ढीग आणि जुनी वारुळे यांत घोणस, फुरसे, नाग, विंचू असू शकतात. चारही बाजूंनी आत येत साफसफाई करू नका. एका कडेने सुरू करून दुसऱ्या कडेला जा, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. ढिगात थेट हात घालू नका, आधी पहारीने दगड उलटवा. साप चावलाच तर आवळून बांधणे, चिरा देणे यात वेळ न घालवता प्रतिसर्पविष लस मिळेल त्या रुग्णालयात थेट न्या. जुनी विहीर किंवा खड्डा गवताखाली झाकला गेला असेल, तर आधी त्याच्याभोवती काट्यांचे कुंपण करा.

घाणेरी, बोर, बाभळीची रोपे जमिनीलगत तोडली, तर पावसात चौपट फुटवे येतात. खोडाभोवतीची माती काढून मुळाच्या गड्डीसकट उपटा. वाळलेल्या गाजरगवताला हात लावताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके हवेच, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रास असलेल्यांना ते फार बाधते. फुलावर आलेले गाजरगवत खड्ड्यात कुजवू नका, बी खतातून परत शेतात येते.

गावाजवळचे किंवा शहराच्या कडेचे तुकडे हमखास राडारोड्याची जागा झालेले असतात. काच, प्लास्टिक, खिळे हाताने वेचा. सिमेंट-चुन्याचा भुगा नुसता पसरून टाकू नका. त्या जागी मातीचा सामू (pH) वाढतो आणि पिवळी पडलेली रोपे पुढे कित्येक हंगाम तेवढ्याच पट्ट्यात दिसत राहतात. वरचा वीतभर थर काढून बाहेर टाकणे परवडते. कचरा पेटवून देण्याचा मोह टाळा. आगीत वरचे गवत जळते, खालच्या काशांना आणि लव्हाळ्याच्या गाठींना काही होत नाही.

नांगराआधी एक खड्डा

रानाच्या मध्यावर दोन फूट खोल खड्डा घ्या. मुरूम किती खोलीवर लागतो, ते आधी कळले पाहिजे. माती जेमतेम वीतभर असेल, तर पलटी नांगर खोल घालू नका. खालचा मुरूम वर येतो आणि कसदार थर गाडला जातो. तिथे देशी नांगराने वा कुळवाने (आडव्या पात्याच्या अवजाराने) १०-१२ सेंटिमीटरवर भागवा. माती खोल असेल, तर २० ते २५ सेंटिमीटर खोल, उताराला आडवी नांगरट करा.

हाच खड्डा पाण्याने भरून जिरू द्या आणि दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या दिवशीही निम्मे पाणी शिल्लक असेल, तर ही जागा पावसाळ्यात चिबड, म्हणजे पाणी धरून राहणारी, होणार. तिथे सपाट वाफे नकोत, एक फूट उंच गादीवाफे आणि उताराच्या टोकाला चर काढा.

मातीचा नमुना खत टाकण्याआधी घ्या. नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. बांध, झाडाची सावली, जुन्या उकिरड्याची जागा वगळा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असे करत अर्धा किलो राहू द्या. सावलीत वाळवून कापडी पिशवीत गट क्रमांकाच्या चिठ्ठीसह मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्या. लोखंडी घमेले वापरले, तर लोहाचा आकडा फसवा येतो.

हरळी आणि लव्हाळा

दोन्हींचा जीव जमिनीखाली असला, तरी त्यांना घालवण्याची रीत एक नाही.

हरळीसाठी कोरड्या रानात नांगरट करून ढेकळे तशीच पालथी पडू द्या. काशा उघड्या पडून आठ-दहा दिवसांत सुकतात. मग कुळवाची पाळी घाला. कुळवाच्या फासाला (पात्याला) अडकून काशांचे गुंते वर येतात, ते पंजाने ओढून लगेच वेचा. आणखी दहा दिवसांनी आडवी पाळी आणि पुन्हा वेचणी. मे संपेपर्यंत अशा तीन पाळ्या झाल्या, तर बराचसा निकाल लागतो. तुकडा दोन-तीन गुंठ्यांचाच असेल, तर पहार आणि कुदळीने ढेप उलटवून हाताने वेचणे हेच सर्वांत चांगले. जमीन दगडासारखी कडक झाली असेल, तर हलके पाणी देऊन वाफसा आल्यावर खणा. मुठीत दाबलेला मातीचा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आला.

वेचलेल्या काशा बांधावर टाकायची सवय मोडा. पहिल्या पावसात त्या तिथेच रुजतात आणि पुन्हा रानात उतरतात. खडकावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरून त्या कुडकुडीत वाळवा, मगच खतात घाला. बांधावर हरळी आधीपासून असेल, तर बांध आणि रान यांच्यामध्ये एक फूट खोल चर काढून तो हंगामभर स्वच्छ ठेवा.

लव्हाळ्याच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. पुढची गाठ जिवंत आणि जोडलेली असेपर्यंत मागच्या बऱ्याच गाठी सुप्त राहतात. नुसते खुरपून किंवा कापून माळ तुटली, की त्या सुप्त गाठी एकेक करून फुटतात. म्हणूनच ‘खुरपला तेवढा वाढला’ असा अनुभव येतो. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात आणि उन्हात नीट वाळल्या की मरतात. कोरड्या रानात नांगरून त्या दोन-तीन आठवडे तळपत्या उन्हात राहू द्या, मग पालथी माती पुन्हा उलटवा. या काळात पाणी देऊ नका. जे वाचेल ते पावसाबरोबर उगवेल. कोंब दिसल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, म्हणून पंधरा ते वीस दिवसांच्या आत खुरप्याने गाठीसकट उचला. महिन्याने खुरपले, तर तोवर खाली नवी गाठ तयार झालेली असते.

पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवण्याचा उपाय गवताच्या बियांवर आणि मर रोगाच्या बुरशीवर चांगला चालतो: माती भिजवा, २५ मायक्रॉनचा कागद ताणून अंथरा, कडा मातीत गाडा, चार ते सहा आठवडे ठेवा. कागद काळा नको, पारदर्शकच हवा. लव्हाळ्यासाठी मात्र यावर विसंबू नका. खोलवरच्या गाठी वाचतात आणि कोंब प्लास्टिक भोसकून वर येतात.

तणनाशकाने हे सगळे वाचेल, असे अनेकांना वाटते. उन्हाळ्यात वाढ थांबलेल्या, धुळीने माखलेल्या पानांतून ग्लायफोसेट मुळापर्यंत जातच नाही, पैसे मात्र जातात. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने त्याचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला होता. दहा गुंठ्यांसाठी त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

सगळे रान एकदम धरू नका

या हंगामात दहापैकी तीन-चार गुंठेच पिकाखाली घ्या. बाकीच्या सहा-सात गुंठ्यांत ताग पेरा. हरळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही आणि दाट तागाइतकी गच्च सावली स्वस्तात दुसरे पीक देत नाही. गुंठ्याला ६०० ते ७०० ग्रॅम बियाणे टाका. पाणी साचणाऱ्या किंवा चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेल्या) जागेत तागाऐवजी धैंचा घ्या. ४५ ते ५० दिवसांनी, फूल दिसू लागताच, ताग कापून गाडा. फुलोरा उलटू दिला, तर खोड वाखासारखे चिवट होते, लवकर कुजत नाही. गाडल्यावर किमान दोन-तीन आठवडे ओल टिकली पाहिजे. जूनच्या मध्यात पेरलेला ताग ऑगस्टच्या सुरुवातीला गाडला जातो, म्हणजे पावसाची ओल आयती मिळते.

पिकाच्या तीन-चार गुंठ्यांत भाजीची चवळी, भेंडी, गवार आणि कडेला लाल भोपळा घ्या. यांचे बी मोठे, रोप जोमदार आणि पाने लवकर जमीन झाकतात. मेथी, कोथिंबीर, कांदा, गाजर पहिल्या हंगामात अजिबात नको. ती रोपे नाजूक असतात आणि त्यांच्या दाट ओळींत खुरपे फिरत नाही. भुईमूगही थांबवा, कारण पडीक रानात हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी जास्त असते.

पहिल्या वर्षी आणखी एक गोष्ट हमखास घडते आणि तिचे कारण लक्षात येत नाही. पीक उगवून तीन आठवडे झाले, की पिवळे पडते. जमिनीत गाडले गेलेले वाळके गवत कुजवताना जिवाणू मातीतला नत्र आपल्यासाठी ओढून घेतात, पिकाला तो तात्पुरता मिळत नाही. त्यामुळे वाळके गवत शक्यतो बाहेर काढून त्याचा वेगळा ढीग करा. उसाच्या पाचटासाठी वापरतात तेच प्रमाण इथे चालते: १०० किलो काडीकचऱ्याला ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम काडीकचरा कुजवणारे जिवाणू संवर्धक, थर देत आणि ओल राखत.

शेणखत, पेरणी आणि नंतरचे सहा आठवडे

शेवटच्या पाळीआधी गुंठ्याला २०० ते २५० किलो शेणखत मिसळा. ते काळपट, वास नसलेले, हातात चुरणारे असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचे बी दोन्ही येतात. नांगरताना पांढऱ्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या अळ्या दिसल्या, तर बगळ्या-मैनांना नांगरामागे वेचू द्या. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात पाडा.

वळवाच्या सरींनी ढेकळे विरघळतात आणि तणाचा पहिला लोंढा उगवतो. तो येऊ द्या. दोन पानांवर असताना उथळ, दोन बोटे खोल पाळी घालून मोडा. खोल गेलात, तर खालचे नवे बी वर येते. रोटाव्हेटर वापरायचाच असेल, तर काशा संपलेल्या पट्ट्यात आता एकदा, तोही उथळ.

पेरणीची घाई नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्यावरच बी टाका. भेंडी ६० बाय ३० सेंटिमीटरवर, गुंठ्याला १०० ग्रॅम बी लागते. चवळीला १५० ते २०० ग्रॅम पुरते, तिला किलोला २५ ग्रॅम रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा. खताचा अंतिम आकडा माती परीक्षणाचा. तो हातात नसेल, तर चवळीला गुंठ्यास अर्धा किलो युरिया आणि ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीवेळी द्या. भेंडीला १ किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट, ८०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पेरणीवेळी आणि महिन्याने आणखी १ किलो युरिया.

पहिली खुरपणी पंधराव्या दिवशी, दुसरी तिसाव्या दिवशी. यातली पहिली चुकली, तर दुसरीही वाया जाते. जुलैत गाजरगवत फुलाआधी ओल्या मातीतून मुळासकट उपटा.

पीक उभे असताना ई-पीक पाहणीत (पिकाची नोंद करण्याच्या सरकारी मोबाइल अ‍ॅपमध्ये) नोंद करा, नाहीतर सातबाऱ्यावर ते क्षेत्र पडच दिसत राहील. ताग गाडलेल्या सहा-सात गुंठ्यांत सप्टेंबरात एकदा फिरून लव्हाळ्याचे कोंब मोजा. चौरस मीटरला चार-पाचच दिसले, तर रब्बीत तिथे मेथी-कोथिंबिरीचे वाफे धरा. त्याहून जास्त असले, तर हरभरा घ्या आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा नांगर घाला.