टेकडीवरचं एक झाड वर्षभर कसं बघायचं

दर ऑक्टोबरला कॅनडा-फिनलंडच्या जंगलांचे लालपिवळे फोटो फिरायला लागले की पुण्यात कोणीतरी हळहळतंच, आपल्याकडे ऋतू असे दिसत नाहीत म्हणून. दिसतात हो, आपण चुकीच्या महिन्यात बघतो. तिकडे दिवस लहान झाला, थंडी वाढली की पानं जातात, आपल्याकडे जमिनीतलं पाणी आटलं की जातात, त्यामुळे आपली पानगळ हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते आणि ती बघायला वेताळ टेकडी पुरते.

सगळ्यात आधी एक झाड निवडा. एकच! मी पहिल्या वर्षी जोशात बारा झाडं धरली होती, एक्सेल शीट वगैरे सगळं, होळीला कारभार बंद. चालत दहा मिनिटांत पोचता येईल असं घ्या. नवीन माणसानं काटेसावर घ्यावी असं माझं मत, कारण ती काही लपवत नाही, पानं गेली की गेलीच. गिरिपुष्प टेकडीवर भरपूर दिसतं म्हणून तेच धरू नका, ते मध्य अमेरिकेतलं, इथं आणून लावलेलं आहे.

मग वार ठरवा, माझा रविवार. वहीत तारीख आणि पानं, कळ्या, फुलं, फळं किती ते लिहायचं. "बरीच पानं" असं लिहू नका, दोन महिन्यांनी मलाच कळेना बरीच म्हणजे किती. झाडाचे मनात चार भाग पाडा आणि पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण असं लिहा. फोटो दर वेळी एकाच दगडावर उभं राहून काढा, नाहीतर तुलना काय कपाळ करणार.

लिहून झालं की लगेच निघू नका, पंधरा मिनिटं बसा. फेब्रुवारीत सावरीखाली बसलात तर फूल टप्प करून पडलेलं ऐकू येतं, एवढं ते जड असतं. उचलून बघा, पाच जाड, गुळगुळीत लाल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका. वर मैना, बुलबुल, कावळे, खारी, सगळ्यांची मधावर झुंबड आणि भांडणं. एप्रिल-मेमध्ये त्याच फांद्यांवर बोंडं फुटतात, कापूस उडतो आणि शर्टाला चिकटतो.

त्याच वहीच्या मागच्या पानावर पक्ष्यांचे आवाज लिहा. पावसाच्या आधी पावशा "पेरते व्हा" ओरडायला लागतो तो दिवस, जूनच्या आसपास नवरंगाची पहिली शीळ (सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दुपारी जाऊन शोधत बसू नका), पाऊस ओसरताना शेपटी हलवत फिरणारा करडा धोबी. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नका प्लीज, विणीच्या दिवसात उगाच त्रास होतो त्यांना. पावसाळ्यात गवतात पाय टाकताना बूट हवेत, साप असतात.

आणि पेन्सिलनं लिहा. माझी पहिली वही जुलैत सॅकमध्येच भिजली, जेल पेनची शाई अशी पसरली की झाडाची पानं कशीबशी वाचता आली, पण नवरंग पहिल्यांदा ऐकला ती तारीख गेली ती गेलीच.