चिकूच्या सावलीत पाचोली लावायची तर आधी मुळं बघा

पाचोली, म्हणजे अत्तराच्या तेलासाठी लावतात ते सुगंधी पानांचं झुडूप, झाडाखाली लावली की आपोआप वाढते, हा सल्ला अर्धाच खरा आहे. सावली तिला मानवते. बडोद्याच्या कडक उन्हात तिची पानं लहान, जाड आणि पिवळट होतात, अर्ध्या सावलीत तीच पानं रुंद आणि हिरवीगार राहतात. तेल पानांतच असतं, म्हणून ही सावली मोलाची. पण झाडाखालची जमीन बारा महिने गार आणि ओलसर राहते, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतल्या अगदी बारीक, दोऱ्यासारख्या कृमींना) नेमकं तेच हवं असतं. मोकळ्या शेतात उन्हाळी नांगरट आणि वैशाखातलं ऊन त्यांना बरंच आटोक्यात ठेवतं. झाडाखाली तसं ऊन पोचत नाही, आणि नांगर घातला तर झाडाचीच मुळं तुटतात. त्यात आपली गोराडू जमीन रेताड, तिथे हे कृमी सहज पसरतात. सूत्रकृमींचा बंदोबस्त रोपं वाडीत नेण्याआधीच करायचा असतो.

झाड कुठलं निवडायचं? आंबा नको. मोहोरापूर्वी आंब्याला पाण्याचा ताण द्यावा लागतो आणि पाचोलीला हिवाळ्यातही पाणी लागतं. दिवाळीनंतर पाणी चालू ठेवलंत तर आंबा मोहोर सोडून पालवी काढत बसतो. चिकूला हिवाळ्यात पाणी द्यावंच लागतं, म्हणून दोघांचं जमतं. जुन्या चिकूची सावली मात्र फार दाट असते. खालच्या आणि आतल्या फांद्या विरळ करा, भर दुपारी जमिनीवर ऊन आणि सावली निम्मी-निम्मी दिसली पाहिजे. त्याहून अंधार असेल तर झुडूप उंच आणि किडकिडीत होतं, पानं विरळ येतात आणि पावसाळ्यात त्यांवर ठिपके पडतात. जिथे आधी वांगी, टोमॅटो, भेंडी, पपई किंवा तंबाखू होती, तो तुकडा सरळ सोडून द्या. ही सगळी त्याच कृमींची आवडती पिकं.

आता रोपं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, त्यामुळे इथे मी कुणाची भीड ठेवत नाही. मुळं फुटलेली रोपं ओळखीच्या माणसाकडून फुकट मिळाली तरी तपासल्याशिवाय आणू नका. पिशवीतून एक रोप काढा, मुळं बादलीत धुवा आणि डोळ्यांजवळ धरा. मण्यांसारख्या फुगलेल्या गाठी दिसल्या तर ती सगळी खेप नको. पाचोली डाळवर्गातली नाही, तिच्या मुळांवर उपकारक गाठी येत नाहीत. ‘चांगल्या गाठी आहेत’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. विक्रेता मुळं धुऊ देत नसेल तर तिथून निघा.

सर्वांत सुरक्षित म्हणजे निरोगी झुडपाचे नुसते शेंडे आणणं. हे कृमी मुळांत राहतात, जमिनीपासून वरच्या शेंड्यात नाही. पण स्वच्छ शेंडा कृमी असलेल्या मातीत खोचला तर सगळं वाया, म्हणून माती मे महिन्यातच तयार करा. उघड्यावर, जिथे दिवसभर ऊन असतं तिथे, वाफा भुसभुशीत करा आणि पाणी द्या. ओल्या मातीतली उष्णता कृमींना जास्त मारते, त्यामुळे कोरडा वाफा झाकण्यात अर्थ नाही. त्यावर पारदर्शक, साधारण २५ मायक्रॉनचं प्लास्टिक ताणून बसवा आणि चारी कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक वापरू नका, ते स्वतःच तापतं आणि माती तेवढी तापत नाही. किमान १५ दिवस, जमलं तर महिनाभर ठेवा. प्लास्टिक काढल्यावर वाफा खोल खणू नका, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते. वरची चार बोटं तेवढी वापरायची.

ती माती, तेवढंच पूर्ण कुजलेलं खत आणि थोडी निंबोळी पेंड पिशव्यांत भरा. जूनमध्ये चार-पाच पेरांचे शेंडे पेराच्या लगेच खाली कापा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील असे लावा. पिशव्या थेट जमिनीवर मांडू नका. भोकांतून मुळं खाली उतरतात आणि केलेली सगळी मेहनत फुकट जाते. विटा किंवा जाड प्लास्टिक अंथरा. महिन्याभरात मुळं धरतात, आणखी दोन-तीन आठवडे थांबा.

लागवड सोपी. बुंध्यापासून मीटर-दीड मीटर सोडून, उंच वरंब्यांवर ६० बाय ६० सेंटीमीटर. खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड, वर चिकूच्याच पाल्याचं आच्छादन.

पाणी ठिबकने द्या. पाटाचं पाणी एका कोपऱ्यातले कृमी सगळ्या वाडीत फिरवतं. दुपारी पानं मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली, नवी पानं बारीक यायला लागली, तर युरिया टाकू नका आणि पाणीही वाढवू नका. एक रोप उकरून मुळं बघा. गाठी असतील तर ते रोप आणि शेजारची दोन-चार मुळांच्या मातीसकट काढून वाडीबाहेर जाळा, कुदळ धुवा. निंबोळी पेंड लागण रोखायला मदत करते, झालेली लागण बरी करत नाही. शंका असेल तर आणंदजवळ बोरियावीला औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय आहे, तिथे विचारा.

पहिली कापणी पाचेक महिन्यांनी, पुढे दर तीन-चार महिन्यांनी. प्रत्येक झुडपावर एक पानांची फांदी सोडा. पाला सावलीत पातळ पसरून, रोज वरखाली करून वाळवा. ढीग केला की बुरशी येते. १०० किलो सुक्या पाल्यातून दोन ते तीन किलो तेल निघतं, आणि त्यासाठी वाफेची भट्टी सहा-आठ तास चालवावी लागते. तेल लगेच विकायची घाई नको. गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलं तर पाचोलीचा वास मुरत जातो आणि अत्तरवाले असं मुरलेलं तेल आवडीने घेतात.