मार्बल कॅन्यनमध्ये कॉन्डोर पाहायला एक दिवस: फेब्रुवारीअखेरची आखणी

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला, मार्बल कॅन्यन या घळीवरच्या नवाहो पुलावर पहाटेच जाऊन थांबायची गरज नाही. कॅलिफोर्निया कॉन्डोर हा जड पक्षी, पंखांचा पसारा जवळजवळ 2.9 मीटर. ऊन लागून कडे तापले, हवा वर चढू लागली, की मगच तो उडतो. थंडीत हे बहुधा दहाच्या पुढे होतं. म्हणून सकाळ कोलोरॅडो नदीला द्या.

उजाडता लीज फेरी या नदीकाठच्या जागी पोहोचा. ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोलातून आलेलं पाणी इथे नितळ असतं आणि गोठत नाही, म्हणून गोल्डनआय, बफलहेड अशी बदकं हिवाळाभर टिकतात. पॅरिया नदी मिळते त्याच्या वरच्या अंगाला शोधा. पावसानंतर खाली गढूळ पाणी असतं. गाडीतूनच बघा, कारण दार उघडून काठाकडे चालू लागलं की बदकं पलीकडे सरकतात. काठावरच्या झाडांच्या शेंड्यावर बॉल्ड ईगल बसलाय का, तेही पाहा. घळीत ऊन उशिरा उतरतं, तेव्हा हातमोजे आणि गरम टोपी हवीच. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते.

दहाच्या सुमारास पुलावर या. 1929 चा जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे आणि नदी सुमारे 142 मीटर खाली. नवखे लोक आकाशाकडे बघत राहतात आणि कॉन्डोर बसलेला असतो शेजारच्या नव्या पुलाच्या तुळईवर! आधी दोन्ही पुलांखालचं लोखंड आणि मग कड्यांचे कंगोरे, असं सावकाश न्याहाळा. वारा असेल तर स्कोपची (एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीची) तिपाई बुटकी ठेवा, नाहीतर चित्र थरथरतं.

ओळख उडण्यावरून करा. कॉन्डोर पंख सपाट धरून, न डुलता तरंगतो. टर्की व्हल्चर हे गिधाड पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून डुलत जातं; ते थंडीत दक्षिणेला जातं आणि वसंताच्या तोंडावर परततं. प्रौढ कॉन्डोरच्या पंखाखाली पुढच्या बाजूला पांढरा त्रिकोण असतो, डोकं नारिंगी-गुलाबी. पिल्लांचं डोकं काळसर असतं, आणि गरुड समजून चूक होते ती इथेच. पंखाला लावलेल्या ओळखपट्टीचा रंग आणि अंक टिपून घ्या.

खाण्याचं वेष्टन, बाटलीचं बूच, नाणं, काहीही खाली पडू देऊ नका. कॉन्डोर असल्या वस्तू गिळतात, पिल्लांनाही भरवतात, आणि पिल्लं त्यानं मरतात. 1987 मध्ये जंगलातला शेवटचा कॉन्डोर पैदास करून वाचवण्यासाठी पकडला तेव्हा जगात 27 उरले होते. इथल्या व्हर्मिलियन क्लिफ्स या कड्यांवर 1996 च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा सोडलं. शिकारीच्या मांसात राहिलेल्या गोळीच्या शिशाच्या कणांनी ते आजही दगावतात.

दुपारनंतर लीज फेरीच्या रस्त्यावर हळू गाडी चालवत उतारांवर बिगहॉर्न या रानमेंढ्या शोधा. त्यांचा रंग खडकाचाच, म्हणून हालचाल आणि पार्श्वभागाचा पांढरा ठिपका हेरा. किमान 30 मीटर अंतर ठेवा.

हाउस रॉक व्हॅलीच्या कच्च्या रस्त्यावरही कॉन्डोर बघायची जागा आहे, पण पाऊस किंवा बर्फ पडून गेला असेल तर तिकडे वळूच नका. ओल्या चिखलात चाकं रुततात. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर जात असाल तर पुलाच्या पूर्वेला, नवाहो आदिवासींच्या भूमीत, उन्हाळी वेळेमुळे घड्याळ ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं. फोन आपोआप वेळ बदलतो, म्हणून मनगटी घड्याळ सोबत ठेवा.